नव्वद वर्षांची खुर्ची

कुरुंदा,
९ सप्टेंबर २०२४

बेटी शबनम,

मामूचा सलाम अन् दुवा.

सहा खुर्च्या, दोन गोल टेबलांचे सांगाडे अन् गोळ्या-चॉकलेटांचं काचेचं कपाट काल वसमतच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली केलं. मधी पोती लावली, जुन्या गोधड्या लावल्या. तुझी मुमानी म्हणाली, लेकीच्या सासरी सामान धाडावं तसं बांधून राहिले. म्हटलं, तसंच समज.

एक गोष्ट मात्र मला पटली न्हाई. तू लिहिलंस, पॉलिश करू नका, कोरंच धाडा. काहून? नवरदेवाला आंघोळ घातली अन् बिनकपड्याचं मांडवात उभं केलं, तसं झालं हे. लाखेचं पॉलिश माझ्यापाशी तयार व्हतं. तुझ्या नानांनी साठ-बासष्ट साली वसमतच्या आइस्क्रीमवाल्यासाठी ही खुर्ची पयल्यांदा केली तवापासून तिला पॉलिशच लागत आलं. पाठीची कमान वाफेवर वाकवायची, बैठक वेतानं विणायची, अन् लोखंडाचा एक खिळा वापरायचा न्हाई. दुकान बंद पडलं तवा मालकाच्या पोरांनी सगळं जळणाच्या भावात काढलं. त्यातली एक खुर्ची अन् ते तिरप्या काचेचं कपाट मी घरी आणलं म्हणून नमुना तरी वाचला.

एका खुर्चीच्या मागच्या उजव्या पायात गाठ निघाली. ती कोरून दुसरा तुकडा बसवलाय. गिऱ्हाईकाला सांगजो. लपवायचं न्हाई.

फोनवर तू बोलतीस ते मला ऐकू येत न्हाई. तीस वर्षं कटर मशीनपाशी उभा राहिलो, कान तिथंच गेले. मुमानी ऐकून सांगती, पण तुझं कमी अन् तिच्या मनाचं जास्त सांगती. म्हणून पत्रच लिहीत जा. तुला उर्दू येत न्हाई, मला इंग्रजी येत न्हाई, पण कुरुंद्याची शाळा दोघांची एकच.

तुझा,
नासेर मामू

•

पुणे,
२ ऑक्टोबर २०२४

मामूजान यांना शबनमचा सलाम.

सामान व्यवस्थित पोचलं. एक काचसुद्धा तडकली नाही. आमच्या सरांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शबनम, तुझ्या मामांचा हात सोन्याचा आहे." मला इतकं बरं वाटलं की तेव्हाच तुम्हाला फोन करावा असं वाटलं, मग आठवलं.

पॉलिशचं म्हणाल तर इथल्या शोरूमची पद्धत वेगळी आहे. गिऱ्हाईक ज्या रंगाचं मागेल तसं इथलीच माणसं करून देतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सगळा संच एकाच गिऱ्हाईकाने घेतला. कुठे गेला ते मला माहीत नाही, विक्रीचा विभाग निराळा आहे. आता आणखी आठ खुर्च्या हव्या आहेत. तशाच, कोऱ्या.

मुमानीला सांगा, तिने पाठवलेली हळद संपत आली. इथल्या हळदीला वासच नाही.

तुमची,
शबनम

•

कुरुंदा,
२० जानेवारी २०२५

बेटी शबनम,

बस अन् नीट वाच. मी रागात लिहून राहिलोय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आज सकाळी एक टेम्पो दारात थांबला. त्यातून एक पोरगी उतरली, सत्तावीस-अठ्ठावीसची. नाव सृष्टी. तिची आई कमलबाई कनेरगाव नाक्यावर ढाबा चालवती. पोरीनं औंढ्याला, नागनाथाच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आइस्क्रीमचं दुकान टाकलंय. जुन्या काळी असायचं तसं: बरण्यांत गोळ्या, हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं भांडं, गोल टेबलं. ती म्हणाली, "मिस्त्री, औंढ्यात सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. ही खुर्ची करकरून राहिली. लई जुनी हाय. जरा सांभाळून करा."

अन् तिनं खुर्ची खाली ठेवली.

शबनम, ती माझी खुर्ची हाय.

मला वाटलं नजर धोका देऊन राहिली. उलटी केली. मी डावखुरा, माझी पटाशी डावीकडून उतरती, माझ्या खाचेची एक कड जरा कलती राहती. तशीच व्हती. मागच्या उजव्या पायाला गाठ काढून बसवलेला तुकडा तिथंच. पण काय दशा केली तिची! चहाच्या पाण्यानं डागवलीय. साखळीनं मारून मारून खड्डे पाडलेत. कडेला बिडीचे चटके दिलेत. वेताला काजळी चोळलीय. अन् करकर काहून येती म्हणशील, तर कुण्या नालायकानं सांधा मुद्दाम ढिला केलाय, म्हातारी वाटावी म्हणून! पाठीमागं पितळेची चकती ठोकलीय, खिळ्यानं. माझ्या खुर्चीला खिळा! चकतीवर लिहिलंय, हैदराबाद, १९३४.

मी त्या पोरीला विचारलं, "कुठून घेतली?"

"पुण्याहून मागवली. ऑनलाइन लिलाव व्हता. नव्वद वर्षांची हाय, निजामाच्या काळातली. पूर्ण संच हाय माझ्याकडं, कपाटासकट." मग खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, "असं काम करणारे आता राहिले न्हाईत न, मिस्त्री? तो जमानाच गेला."

मी तिच्यासमोर उभा. हातात पटाशी. अन् ती मला सांगून राहिली की मी मेलो.

म्हटलं, ठेवून जा.

बेटी, तुझ्या मालकानं तुला फसवलं. तुझा मामू कोण, तुझं काम काय, सगळं बघून त्यानं तुझ्या पाठीमागं हा धंदा केला. तू सावध राहा. त्या पोरीला खरं सांगायला पाहिजे, पण तुझी नोकरी तिथं हाय म्हणून आज गप राहिलो. लवकर लिही, काय करू. नव्या आठ खुर्च्यांचं लाकूड कापलंय ते तसंच पडू दे. मी हात लावणार न्हाई.

नासेर मामू

•

पुणे,
२९ जानेवारी २०२५

मामूजान, सलाम.

तुमचं पत्र वाचून मला धक्का बसला. तुमचा राग मी समजू शकते. पण जरा शांत डोक्याने विचार करा. शोरूममधून माल बाहेर पडला की तो दोन-तीन हातांतून जातो. मधल्या कुणी दलालाने हे केलं असेल. सरांना विचारायची ही वेळ नाही, आमच्याकडे माणसं कमी करायचं चाललं आहे.

एवढंच सांगते, त्या मुलीला काही बोलू नका. तिला खुर्ची आवडली आहे, तिचं दुकान सुरू झालं आहे, लोक येतात. तिचा आनंद कशाला मोडायचा? तुम्ही सांधा घट्ट करून द्या आणि विसरून जा. लाकूड तर तुमचंच आहे ना? चांगलंच आहे. त्या मुलीचं नुकसान काय झालं?

आठ खुर्च्यांचं लवकर कळवा. सर रोज विचारतात.

शबनम

•

कुरुंदा,
१४ फेब्रुवारी २०२५

शबनम,

खुर्ची दुरुस्त करून काल मी स्वतः औंढ्याला नेऊन दिली. बसमधी मांडीवर धरून. तुझं पत्र खिशात व्हतं. "मधला दलाल" मनाला पटला व्हता. खरं सांगतो, पटला व्हता.

दुकान चांगलं मांडलंय पोरीनं. माझ्या सहाही खुर्च्या, दोन्ही टेबलं, टेबलांवर संगमरवराचे दगड. तिरप्या काचेच्या कपाटात लिमलेटच्या गोळ्या, बडीशेपेच्या गोळ्या, खोबऱ्याच्या वड्या. शाळा सुटलेली लेकरं काचेला नाक लावून उभी. तुझ्या नानांनी काच तिरपी काहून केली हे कुणी मला विचारलं असतं तर त्या लेकरांकडं बोट दाखवलं असतं.

भिंतीवर एक फ्रेम व्हती. सामानासंगं आलेलं कार्ड तिनं काच लावून टांगलंय. सृष्टी म्हणाली, "वाचा मिस्त्री, लई सुंदर लिहिलंय. मी येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवती."

मी चष्मा लावला.

हैदराबादेतला एक आइस्क्रीमवाला. साल चौतीस. पुढं लिहिलंय: "खुर्चीच्या पायांमधली खालची आडवी पट्टी नीट पाहा. दुकानदाराच्या घरी आईवेगळी भाची वाढत होती. खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबकळत, जमिनीला टेकत नसत. म्हणून त्याने ही पट्टी लावून घेतली."

शबनम, तुझी आई गेली तवा तू चार वर्षांची व्हतीस. वर्कशॉपमधी तुझ्या नानांच्या, माझ्या अब्बांच्या त्या जुन्या खुर्चीवर बसून तू दिवसभर पाय हलवायचीस. अब्बांच्या नमुन्यात ती पट्टी नव्हती. ती मी लावली. तुझ्यासाठी. हे दुनियेत तीन माणसांना माहीत हाय. मी, तुझी मुमानी अन् तू. मी लिहिलं न्हाई. मुमानीला लिहिता येत न्हाई.

कार्डाच्या खाली बारीक अक्षरात सही हाय. आता मला ती वाचता आली.

लाज वाटली न्हाई तुला? मला म्हणतीस, दलालानं केलं असंल. मला! त्या पोरीचं नुकसान काय झालं म्हणतीस? ती आल्यागेल्याला तुझं खोटं वाचून दाखवून राहिली अन् तिला ठाऊकच न्हाई की ती खोटं बोलती. तिच्या तोंडून तू खोटं बोलवून घेतलंस. हे नुकसान न्हाई?

अन् माझं? मी जिता हाय ग. एकसष्ट वर्षांचा हाय. रोज सात वाजता वर्कशॉप उघडतो. तू मला चौतीस सालात नेऊन पुरलंस.

नासेर

•

पुणे,
२१ फेब्रुवारी २०२५

मामू,

तुम्ही विचारलंत, लाज वाटली नाही का. वाटली. पहिल्या दिवशी वाटली, दुसऱ्या दिवशी कमी वाटली, मग वाटेनाशी झाली. खोटं सांगणार नाही आता. कार्ड मीच लिहिलं. तुम्हाला दलालाची गोष्टही मीच रचून सांगितली.

पण आता मला बोलू द्या. तुम्हीच एकटे रागावू शकता असं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्या दोन खुर्च्या पाठवल्या होत्या, आठवतं? पॉलिश केलेल्या, चकचकीत. त्या मी शोरूममध्ये दर्शनी जागी ठेवल्या. समोर माझ्या हाताने पाटी लिहिली: "नासेर मिस्त्री, कुरुंदा, जिल्हा हिंगोली. एकही खिळा न वापरता हाताने बनवलेली." आठ महिने, मामू. आठ महिने त्या तिथे होत्या. लोक येत, बसत, म्हणत, वा, काय आरामशीर आहे. मग विचारत, "किती जुनी आहे?" मी अभिमानाने सांगायचे, "माझ्या मामूंनी मागच्याच महिन्यात केली." की लगेच उठत. जणू खुर्ची तापली. एक बाई म्हणाल्या, "मग आमच्या सोसायटीखालचा सुतारही करून देईल की." दुसऱ्याने निम्म्यात मागितली. तुमची पाटी वाचून एकाने विचारलं, कुरुंदा म्हणजे नक्की कुठे, आणि उत्तर ऐकायलाही थांबला नाही.

शेवटी सर म्हणाले, परत पाठव. परत आल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं? पुन्हा प्लायवूडचे बाथरूमचे दरवाजे ठोकत बसला असता. मुमानीने मला सांगितलं होतं, तुम्ही ते दरवाजे करताना कुणाशी बोलत नव्हता. जेवताना ताटाकडे बघत नव्हता. म्हणून सर जेव्हा म्हणाले की "यांना जरा वय देऊ आणि तू एक गोष्ट लिही," तेव्हा मी लिहिली. गाव खोटं लिहिलं, साल खोटं लिहिलं, तुमच्या जागी दुकानदार लिहिला. बाकी एक अक्षर खोटं नाही. एकाच दुपारी दोन्ही विकल्या गेल्या.

लोकांना मेलेला कारागीर लागतो, मामू. त्याच्या कामाचे ते मागू तेवढे पैसे देतात. जिवंत कारागिराशी ते घासाघीस करतात. मी तुम्हाला पुरलं म्हणता? मी तुमचं नाव घेऊन आठ महिने दारात उभी होते, कुणी घेतलं नाही!

त्या मुलीला सांगू नका. कार्डावर माझी सही आहे. माझं काय होईल याचा विचार करा.

शबनम

•

कुरुंदा,
३ मार्च २०२५

शबनम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंस ते लोकांबद्दल खरं हाय. खरं हाय म्हणूनच राग वाढला. आठ महिने पाटी लावलीस, हे मला कधी सांगितलं न्हाईस. सांगितलं असतंस तर मी त्या खुर्च्या परत आणून अंगणात ठेवल्या असत्या अन् रोज त्यांच्यावर बसून चहा पिलो असतो. दरवाजे ठोकताना मी गप व्हतो, पण माझं नाव माझ्यापाशी व्हतं.

मी सृष्टीला सांगितलं.

शिवरात्र होऊ दिली. औंढ्याला एवढी गर्दी असती, तिचे पयले कमाईचे दिवस. परवा, शनिवारी गेलो. रोजे सुरू व्हायच्या आधी हे उरकावं म्हटलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कमलबाई पण तिथंच, बरण्या पुसून राहिली व्हती. मी म्हटलं, "सृष्टी, ही खुर्ची नव्वद वर्षांची न्हाई. सहा महिन्यांची हाय. मी केलेली हाय. माझी भाची पुण्याच्या त्या शोरूममधी हाय, तिच्याकडं धाडली व्हती." पटाशीची कलती खाच दाखवली, तुकडा दाखवला. वर्कशॉपमधून त्याच मापाचं कापलेलं लाकूड नेलं व्हतं, ते लावून दाखवलं.

ती खाली बसली. माझ्याच खुर्चीवर. मग जवळ येऊन मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून, विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत व्हतं?"

"तू खुर्ची आणलीस त्या दिवसापासून."

"म्हणजे शिवरात्रीला मी या पायरीवर उभी राहून शेकडो लोकांना ते कार्ड वाचून दाखवलं, तवा तुम्हाला माहीत व्हतं?"

"व्हय. तुझा सण, तुझी कमाई... म्हटलं, होऊन जाऊ दे."

"माझ्यासाठी होऊ दिलं?" ती उठलीच. "खोटं बोलू नका मिस्त्री. तुमच्या भाचीसाठी होऊ दिलं. ती सही तुमच्या भाचीची हाय न? मग दीड महिना मला येडं बनवण्यात तुमी पण व्हता."

कमलबाई हातातलं फडकं आपटून म्हणाली, "माझ्या लेकीनं दोन वर्षं ढाब्यावर माझ्यासंगं भाकरी थापल्या, तवा हे उभं राहिलं. ऑफिसातली नोकरी सोडून आली व्हती ती. सगळे हसले. आता पुन्हा हसतील! तुमाला म्हातारपणी हे काहून सुचलं?"

"आई, यांनी काय केलं न्हाई," सृष्टी म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "केलं. गप राहिले."

रागानं गेलो व्हतो मी, शबनम. सगळ्या दुनियेवर रागावून गेलो व्हतो, तुझ्यावर, तुझ्या मालकावर, पुण्यावर. अन् तिथं उभा राहून समजलं की तिचा राग माझ्या रागाहून खरा हाय, अन् त्याच्या यादीत मी पण हाय.

तिनं कार्ड उतरवलं. ती तुझ्या कंपनीला लिहिणार हाय. मी अडवलं न्हाई.

नासेर मामू

•

कुरुंदा,
१५ मार्च २०२५

शबनम,

आज पोस्टमन सही घेऊन एक पाकीट देऊन गेला. तुझ्या कंपनीच्या वकिलाचं हाय. मी तसंच उतरवून धाडतो, वाच:

"सदर नासेर मिस्त्री, राहणार कुरुंदा, यांनी स्वतः नव्याने तयार केलेले फर्निचर पुरातन असल्याचे भासवून आमच्या अशिलाची दिशाभूल केली आहे. त्यामुळे झालेल्या सर्व नुकसानीस ते एकटे जबाबदार आहेत."

मी! मी दिशाभूल केली! गाठ निघाली तर लपवू नको म्हणून कळवणारा मी! पंचेचाळीस वर्षांत या गावात एका माणसानं म्हणावं की नासेरनं सागवान सांगून दुसरं लाकूड घातलं. एकानं म्हणावं!

मी तो कागद मशिदीत नेला न्हाई, चावडीवर नेला न्हाई. मुमानीला पण वाचून दाखवला न्हाई. रोजा हाय, तिचं तोंड सुकलेलं, तिला कशाला. पण लपवून ठेवल्यावर असं वाटून राहिलं की मीच गुन्हेगार हाय.

कागदाच्या खाली साक्षीदार म्हणून तुझं नाव छापलंय. सहीची जागा मोकळी हाय.

करायची तर कर. तुझी नोकरी तुझी. मी काही म्हणणार न्हाई.

नासेर

•

पुणे,
१९ मार्च २०२५

मामू,

"करायची तर कर." हे तुम्ही मला लिहिलंत. मी खोटं कार्ड लिहिलं, तुमच्याशी खोटं बोलले, त्यासाठी तुम्ही मला काहीही म्हणा, मी ऐकेन. पण त्या मोकळ्या जागेवर मी सही करू शकते असं तुमच्या मनात क्षणभर तरी आलं. हे मी विसरणार नाही. त्या दिवशी मी इफ्तारला नुसतं पाणी प्यायले.

आता काय झालं ते ऐका.

तुमच्याकडे नोटीस जाण्याच्या आदल्या दिवशीच सरांनी मला बोलावलं होतं. कागद पुढे सरकवला. सृष्टीने ग्राहक मंचात जायची तयारी केली आहे, तेव्हा कंपनीला कुणाच्या तरी नावावर हे टाकणं भाग आहे. मी वाचलं आणि म्हटलं, "सर, हे माझे मामू आहेत."

सर अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, म्हणूनच तर सोपं आहे. घरातलं माणूस. ते काही कोर्टात येणार नाहीत. गावाकडे कोण विचारतंय? नुसता कागद आहे. त्यांचं काय जातंय?"

मामू, दोन वर्षं मी या माणसाला चांगलं समजत होते. तुमच्या खुर्चीवरून हात फिरवताना गप्प झालेला माणूस. "त्यांचं काय जातंय?" हे तो त्याच आवाजात म्हणाला.

मी तेव्हा भांडले नाही. कागद घेऊन जागेवर आले. दोन दिवस लागले मला, हेही खरं. नोकरी सोडायची तर खोली सोडायची, सगळंच सोडायचं. तिसऱ्या दिवशी मी सगळे कागद गोळा केले. सरांच्या अक्षरातली ऑर्डर, तिच्यावर "कोराच माल मागव, वय इथे देऊ" असं लिहिलेलं. तुमच्या खुर्च्या पोचल्या त्या दिवशीचे फोटो. साखळीने मारतानाचे फोटो, कारागिरांना नमुना म्हणून काढलेले. माझ्या कार्डाचा पहिला खर्डा. सगळ्याच्या प्रती काढल्या आणि सृष्टीला पाठवल्या. मग तिला फोन केला. तिने मला अर्धा तास सुनावलं. मी फोन ठेवला नाही. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या मामूंची बैठक चांगली विणलेली आहे, एवढंच. बाकी तुमच्या घरातल्या कुणाचं तोंड बघायची इच्छा नाही." मी म्हटलं, बरोबर आहे.

काल राजीनामा दिला. सर म्हणाले, तुझ्या सहीच्या कार्डामुळे तूही अडकशील. मी म्हटलं, अडकू दे, ते कार्ड मीच लिहिलं आहे. मामूंनी फक्त खुर्ची केली.

मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. वर्षभर उशीर झाला. पण तुमच्यावरचा राग आहे तो आहे.

शबनम

•

कुरुंदा,
२४ मार्च २०२५

बेटी शबनम,

तुझं पत्र मिळालं. "करायची तर कर" हे मी लिहायला नको व्हतं. अपमान झाल्यावर माणूस सगळ्यात जवळच्यालाच बोचकारतो. तू रागावलीस ते बराबर.

आज सृष्टी अन् कमलबाई आल्या व्हत्या. तोंड बघायची इच्छा न्हाई म्हणणारी पोरगी स्वतः टेम्पो घेऊन आली. तू धाडलेले कागद तिनं कंपनीपुढं ठेवले, तवा तिकडचा सूर एकदम बदलला म्हणं. संच परत नेतो, पैसे परत देतो, मंचात जाऊ नका, मिस्त्रीला दिलेली नोटीस मागं घेतो. ती म्हणाली, "पयले नोटीस मागं घेतल्याचा कागद मिस्त्रीच्या घरी पोचला पाहिजे, मग बाकीचं बोलू." तो कागद परवा आला. मग मी मुमानीला दोन्ही कागद वाचून दाखवले. ती पयले माझ्यावर ओरडली, मग तुझ्या मालकावर, मग तुझ्यावर, अन् मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. अजून बोलत न्हाई.

सृष्टी दारातच उभी राहिली, आत आली न्हाई. म्हणाली, "संच परत चाललाय. दुकानात बसायला काही न्हाई. आठ खुर्च्यांचं लाकूड कापून पडलंय म्हणलात न? मला सहा करून द्या. उधारीवर न्हाई, उपकार म्हणून पण न्हाई. रीतसर."

मी म्हटलं, "करतो. पण ती खुर्ची आता करणार न्हाई."

"काहून?"

मी तिला सांगितलं ते तुलाही सांगतो. दोन महिने मी सगळ्यांवर चिडून राहिलो की माझं काम मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलं. पण खुर्ची कुणाची? अब्बांची. कमान त्यांची, माप त्यांचं, खाचा त्यांच्या. माझी म्हणावी अशी एक पट्टी, ती पण तुझ्यासाठी. पंचेचाळीस वर्षं मी हातानं चांगलं काम केलं अन् एकदाही स्वतःचं काही काढलं न्हाई. हे मला कुणी सांगितलं न्हाई, अन् सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

कमलबाई म्हणाली, "आता या वयात नवी खुर्ची सुचणार का तुमाला?"

मी म्हटलं, "न सुचायला काय झालं?" पण खरं सांगू, दुपारपासून कागदावर काढून राहिलोय अन् खोडून राहिलोय. पेन्सिल वळती ती अब्बांच्याच कमानीकडं. पाठ सरळ घेतो, तर ती शाळेच्या खुर्चीसारखी दिसती. तुला चित्र काढायला शिकवलंय न त्या नांदेडच्या कॉलेजात? बघू काय शिकलीस ते.

अन् सृष्टीपुढं तुला एकदा उभं राहावं लागंल. ती ऐकून घेईल असं न्हाई. मी पण संगं येईन, मला पण तिची माफी मागायची बाकी हाय. तिच्याशी बोलून झालं की मग आपलं दोघांचं.

सोमवारी ईद व्हईल बहुतेक. पुण्याहून वसमतची गाडी मिळती, रविवारीच निघ. मुमानी आत्ताच आतून शिरखुर्म्याचं सामान आणायला सांगून राहिली, म्हणजे तिचं तोंड उघडलं समज. ये, बेटी. माझा राग अजून उतरलेला न्हाई, अन् तू येईपर्यंत मी तो उतरू पण देणार न्हाई.

तुझा,
नासेर मामू